धूर कुणाचा, खर्च कुणाच्या माथी?

फेब्रुवारी 2025 मध्ये चिखली-कुदळवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेचे बुलडोझर फिरले आणि काही दिवसांत हजारो पत्राशेड जमीनदोस्त झाली. बांधकामे अनधिकृत होतीच, शिवाय भंगार गोदामांना वारंवार आगी लागत आणि काळा धूर आसपासच्या वस्त्यांवर पसरे. रहिवाशांची तक्रार खरी होती. पण गोदामांच्या शेजारी लेथ, प्रेस, फॅब्रिकेशनची छोटी वर्कशॉपही होती. तीही गेली.

इतकी वर्षे डोळेझाक आणि मग एकदम बुलडोझर, याला नियमन म्हणता येत नाही.

नियमनासाठी कायदा तर जुनाच आहे. हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा 1981 चा. त्यानुसार कारखाना उभारण्याआधी आणि चालवण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, म्हणजे उद्योजकांच्या भाषेत ‘कन्सेंट’. पूर्वी यातल्या गंभीर उल्लंघनाला दीड ते सहा वर्षांच्या कैदेची तरतूद होती. जनविश्वास कायद्यानंतर 1 एप्रिल 2024 पासून तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला. तुरुंगाची भीती गेली हे बरेच झाले, पण 15 लाखांचे वजन सगळ्यांना सारखे नसते. चाकणच्या मोठ्या वाहन कंपनीकडे पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग असतो. पिंपरी-चिंचवडमधल्याच भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटच्या किंवा कास्टिंगच्या गाळ्यात मालकच हिशेब बघतो, डिस्पॅच बघतो आणि कन्सेंटचे कागदही तोच भरतो. त्याने धूर गाळणारा बॅग फिल्टर बसवला, तरी तो खर्च सुट्या भागाच्या दरात चढवता येत नाही, कारण मोठा ग्राहक दरवर्षी भाव कमीच करून मागतो. गाडी स्वच्छ कारखान्यात जुळते, तिच्या भागांचा धूर मात्र भोसरीच्या खात्यावर पडतो. म्हणून धूर कमी करण्याच्या खर्चात त्या ग्राहकानेही वाटा उचलायला हवा.

सरकारलाही हातभार लावता येतो. फर्नेस ऑइलची भट्टी गॅसवर नेली की काजळी आणि गंधकाचा धूर बराच घटतो. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन आहे. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे जगभर गॅसचे भाव भडकले, त्याच वर्षी 1 एप्रिलपासून राज्याने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला. अशी एक करसवलत दहा नोटिसांपेक्षा जास्त कामाची असते.

मोजमाप उघड करणे हा आणखी एक मार्ग. प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये धुराड्यांच्या तपासणीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करायला सुरुवात केली. सुरत त्याच्या पुढे गेले. तिथे तीनशेहून अधिक कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसली. 2019 पासून त्यांपैकी जवळपास निम्म्या कारखान्यांच्या मिळून धूलिकणांना एक मर्यादा ठरली आणि ज्याने कमी धूर सोडला, त्याला उरलेला परवाना विकता येऊ लागला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जुन्या पद्धतीतल्या कारखान्यांच्या तुलनेत या कारखान्यांचे प्रदूषण 20 ते 30 टक्क्यांनी कमी राहिले आणि प्रदूषण रोखण्याचा खर्चही सुमारे 11 टक्क्यांनी उतरला.

ही योजना जशीच्या तशी भोसरीत आणता येणार नाही. सुरतेत बहुतेक कोळशावर चालणाऱ्या कापड गिरण्या आहेत. इथे भट्ट्या, रंगाचे बूथ आणि वीज गेली की सुरू होणारे डिझेल जनरेटर अशी सगळी सरमिसळ आहे. रंगाच्या वाफा धूलिकणांच्या यंत्रात दिसत नाहीत. त्यामुळे आधी कोणत्या गाळ्यातून काय बाहेर पडते ते नीट मोजावे लागेल, आणि त्या मोजणीचे बिल एकट्या गाळेवाल्याच्या नावावर फाडून चालणार नाही.