वाचतो धडाधड, पण कळतं किती?

आजचा भाग ऐकायला वेळ झाला नसेल, तर हे त्याचं लिखित रूप. बसमध्ये, लोकलमध्ये, कुठेही वाचा. सुरुवात एका वाक्याने करू. जरा मोठ्याने वाचा:

"एका तुरबट गोमटुळाने झिमरात डोफळ मुरकवलं."

आता प्रश्न. गोमटुळाने काय मुरकवलं? डोफळ. कुठे? झिमरात. गोमटूळ कसा होता? तुरबट. तीनपैकी तीन मार्क! आणि तुम्हाला ओ की ठो कळलेलं नाही, कारण हे सगळे शब्द आत्ताच बनवलेले आहेत.

शाळेत कितीतरी मुलं नेमकं हेच करत असतात. धडा खणखणीत वाचतात, प्रश्नातला शब्द धड्यात शोधतात आणि त्याच्या शेजारचा शब्द उत्तर म्हणून लिहितात. बरोबरची खूण मिळते. घरच्यांना वाटतं, पोरगं हुशार आहे. मग चौथी-पाचवीत गणितातली शाब्दिक उदाहरणं येतात, परिसर अभ्यासाचे मोठे परिच्छेद येतात, आणि तेच पोरगं अडायला लागतं. "लक्ष देत नाही," असा शिक्का बसतो. खरं तर वाचलेल्याचा अर्थ कसा लावायचा, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

मराठीत हा प्रकार लपतोही छान. एकदा अक्षरं, काना-मात्रा आणि जोडाक्षरं पक्की झाली की लिहिलेलं जवळजवळ सगळं उच्चारता येतं. इंग्रजीसारखा स्पेलिंगचा घोळ नाही. ही आपल्या लिपीची मोठी सोय आहे. पण त्यामुळेच, न कळतासुद्धा झकास वाचता येतं!

आधी बघा, गाडी कुठे अडलीय

१९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी एक सोपं सूत्र मांडलं. वाचून कळणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: एक, अक्षरांवरून शब्द ओळखता येणं, दुसरी, ती भाषा ऐकून कळणं. इथे बेरीज नाही बरं का, गुणाकार आहे. दोन्हीपैकी एक जरी शून्य असेल, तरी उत्तर शून्य.

याचा उपयोग लगेच होतो. एखाद्या मुलाला गोष्ट वाचून कळत नसेल, तर तीच गोष्ट तुम्ही त्याला वाचून दाखवा. ऐकून सगळं कळलं, तर अडचण अक्षरवाचनात आहे. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण शब्दसंग्रहात, भाषेत किंवा अर्थ जोडण्यात आहे. या दोन मुलांना एकच औषध देऊन चालत नाही.

मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवायचं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने तिसरी ते पाचवीच्या मुलांचे असे गट करून काम केलं. त्यांच्याशी जोडलेली 'असर' पाहणी २००५ पासून होते. तिच्या वाचन-चाचणीत अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. मूल कुठल्या पायरीवर आहे, हे काही मिनिटांत कळतं. पण शेवटच्या पायरीवर पोचलेलं मूल गोष्ट वाचू शकतं, एवढंच त्यातून समजतं. कळण्याचं काम तिथून पुढे असतं.

छोटा गटच का?

साधा हिशेब करू. वर्गात ४० मुलं, तास ३५ मिनिटांचा. शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत, तरी एका मुलाच्या वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही. बोलतात तीच चार हुशार मुलं, बाकीची माना डोलावतात. पाच मुलांचा गट २५ मिनिटं बसला, तर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. शिवाय पाचजणांत लपायला जागा नसते, आणि चुकलं तरी सगळ्या वर्गासमोर हसं होत नाही.

याहून मोठं कारण असं, की अर्थ लावणं डोक्यात चालतं, ते बाहेरून दिसत नाही. सायकल चालवणारा दिसतो, म्हणून बघून शिकता येतं. चांगला वाचक मात्र नुसता गप्प बसलेला दिसतो! तो आत काय करतो, हे मोठ्याने बोलून दाखवलं, तरच दुसऱ्याला शिकता येतं. अशा बोलण्यासाठी चार-पाच जणांचा गोल बरा पडतो.

चार कामं, आळीपाळीने

अमेरिकेत ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ साली सातवीतल्या मुलांबरोबर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ही मुलं ठीकठाक वाचायची, पण त्यांना कळायचं फार कमी. पद्धतीचं नाव 'रेसिप्रोकल टीचिंग', म्हणजे आळीपाळीने शिकवणं. त्यात प्रत्येक तुकडा वाचल्यावर चार कामं करायची: अंदाज, उलगडा, प्रश्न, सारांश. आधी शिक्षक करून दाखवतात, मग हळूहळू मुलंच शिक्षक होतात. सुमारे २० दिवसांच्या कामात मुलांची उत्तरं बरीच सुधारली, आणि फायदा वर्गातल्या दुसऱ्या विषयांच्या वाचनातही दिसला.

आपल्याकडे हे कसं दिसेल? समजा हा तुकडा आहे:

"रखमाने दाराबाहेर पाहिले. आभाळ काळेकुट्ट झाले होते. तिने धावत जाऊन अंगणातल्या कुरडया घरात आणल्या. तरीही दोन-चार भिजल्याच."

अंदाज: पहिली दोन वाक्यं वाचून थांबा. "आता रखमा काय करेल?" एक म्हणेल, छत्री घेईल. दुसरी म्हणेल, दार लावेल. दोन्ही चालेल, पण "तुला तसं का वाटलं?" हे विचाराच. मग पुढे वाचून बघा, अंदाज जुळला का.

उलगडा: कुठे अडलं? कुरडई कुणाला माहीत नसेल, तर ज्याच्या घरी होते तो सांगेल. 'तिने' म्हणजे कोणी? आणि 'तरीही' या शब्दाशी तर थांबाच. इथे ताई किंवा दादाने मोठ्याने विचार करून दाखवायचा: "रखमा धावत गेली, म्हणजे सगळ्या कुरडया वाचायला हव्या होत्या. पण पुढे 'तरीही' आलंय. म्हणजे ती पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला असणार." 'तरीही', 'म्हणून', 'ऐवजी', 'जरी-तरी' असले छोटे शब्द मुलं नुसती उच्चारून पुढे जातात, आणि अर्थ तिथेच सांडतो.

प्रश्न: आता मुलांनी प्रश्न काढायचे. पहिला प्रश्न हमखास असा येतो: "रखमाने काय आत आणलं?" येऊ द्या. मग तुम्ही दुसऱ्या जातीचा प्रश्न काढून दाखवा: "तुकड्यात पाऊस हा शब्दच नाही. मग पाऊस आला, हे कशावरून कळलं?" 'कशावरून' हा शब्द मुलांच्या तोंडी बसला की निम्मं काम झालं.

सारांश: पुस्तक बंद, एका वाक्यात सांगा. "पाऊस येणार म्हणून रखमाने कुरडया आत घेतल्या, पण थोड्या भिजल्या." पाठ केल्यासारखं पुस्तकातलं वाक्य आलं, तर म्हणा, "हेच घरी आईला कसं सांगशील?" उत्तर अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत आलं तरी चालेल. आपल्याला अर्थ तपासायचाय, बोली नाही.

पहिले काही दिवस ताई-दादाच जास्त बोलतील. मग प्रत्येक तुकड्याला एक मूल 'मास्तर' होईल आणि ही चार कामं इतरांकडून करून घेईल. अडलं तर तुम्ही फक्त धागा द्यायचा. महिनाभरानंतरही सगळे प्रश्न तुम्हीच विचारत असाल, तर मुलं तुमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला शिकलीत, स्वतः वाचायला नाही.

ही जादूची कांडी नव्हे

१९९४ मध्ये रोझेनशाईन आणि मायस्टर यांनी या पद्धतीवरचे १६ अभ्यास एकत्र तपासले. संशोधकांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांत फायदा मोठा दिसला, ठरावीक प्रमाणित चाचण्यांत बराच कमी. म्हणजे पद्धत उपयोगी आहे, पण नुसत्या चार पायऱ्या गिरवून भागत नाही.

मग आणखी काय लागतं? विषयाची माहिती. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटचं उदाहरण घ्या. 'शेवटच्या चेंडूवर सहा हव्या होत्या' यातला ताण, क्रिकेट न पाहिलेल्या माणसाला कितीही शुद्ध वाचून कळणार नाही.

म्हणून रोज नवा विषय नको. एक आठवडा पावसावर, एक आठवडा मुंग्यांवर, असं करा. त्याच विषयावरचे तीन-चार छोटे तुकडे वाचले की शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि शेवटचा तुकडा मुलं सहज पचवतात.

तुम्हाला करायचं असेल तर

सोसायटीत, वाडीत, वस्तीत, चार-पाच मुलं जमवा. आठवड्यातून तीन दिवस, २५ मिनिटं, शक्यतो तीच मुलं, तीच वेळ. मजकूर असा निवडा की मुलं फारसं न अडखळता वाचतील. दर दुसऱ्या शब्दाला अडत असतील, तर सगळी ताकद अक्षरांवर जाते. अशा वेळी मजकूर तुम्ही वाचा, चार कामं मुलांकडून ऐकून करून घ्या, आणि अक्षरवाचनाचा सराव वेगळा ठेवा.

वाचताना प्रत्येक उच्चार दुरुस्त करू नका. आणि "समजलं का?" हा प्रश्न विसरून जा. त्याचं उत्तर 'हो' असंच येतं, जगभर!

प्रगती मोजायला तुमचा फोन पुरे. पालकांना विचारून पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एक नवी गोष्ट वाचायला द्या, पुस्तक बंद करून ती सांगायला लावा आणि आवाज रेकॉर्ड करा. सहा आठवड्यांनी, तेवढ्याच अवघड दुसऱ्या गोष्टीसाठी हेच करा. दोन्ही रेकॉर्डिंग त्या मुलाबरोबर बसून ऐका. 'आणि मग, आणि मग' च्या जागी 'कारण' आणि 'पण' ऐकू यायला लागले, तर समजा, पोरगं आता खरंच वाचतंय.