बिदरीचा कारखाना, अंगणातल्या कुंड्या आणि मांजर

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

'मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो' असे आपण मराठीत म्हणतो. आपल्या कन्नड विभागातील मित्र हीच गोष्ट 'बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट' अशी सांगतात. दोन्ही भाषांनी उंदराची बाजू घेतली हे योग्यच झाले. परंतु पुष्कळदा मांजराच्या खेळात खुद्द मांजराचाच जीव जातो, त्याची म्हण मात्र कोणी केली नाही. प्रस्तुत लेख मांजराच्या बाजूचा आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने मांजरावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे घर जुन्या बीदर गावात, चौबाऱ्याच्या अलीकडे आहे. भिंतीला भिंत लागून एका उस्तादांचे घर आणि घरातच बिदरीचा कारखाना. दर शनिवारी त्यांचा जमाखर्च मी लिहिते. त्यांना चाचा म्हणते आणि त्यांच्या पत्नीस चाची. त्या घरात एक करडी मांजरी आहे. तिचे नाव चांदी. त्यामुळे 'चांदी कुठे गेली?' हा प्रश्न त्या घरात दोन अर्थांनी विचारला जातो, आणि दोन्ही वेळा सर्वांच्या काळजात सारखेच धस्स होते.

चांदीच्या आधी त्या घरात एक पिलू होते. चांदीच्या तारेच्या जुडीला बांधलेला दोरा त्याने गिळला. दोऱ्याचे टोक मागच्या बाजूने बाहेर आलेले दिसले तेव्हा भेटीस आलेल्या कोणीतरी मदतीच्या हेतूने ते ओढले. दोन दिवसांत पिलू गेले. त्यानंतर 'कारखान्याच्या घरात बिल्ली नको' असे चाचांनी जाहीर केले. पण मांजर नाही म्हटल्यावर उंदीर आले. उंदीर आले म्हणून बाजारातून उंदराच्या औषधाची काळी पूड आली. ती म्हणजे बहुधा जस्ताचे फॉस्फाइड, मुलाबाळांच्या घरात मांजरापेक्षा कितीतरी भयंकर वस्तू. चाचींनी ती पुडी परत पाठवली आणि चांदीला घरात आणले. मांजर आणि कारखाना एका छपराखाली नांदू शकतात का, हा त्या घरातला वर्षभराचा वाद. गुरांच्या डॉक्टरांना विचारून, वाचून आणि पाहून जे समजले ते येथे मांडते.

आधी मांजराची जीभ समजून घेतली पाहिजे. तिच्यावर बारीक काटे असतात, आपली नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे, आणि त्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. अंग विंचरण्यासाठी ती निसर्गाने दिलेली फणीच आहे. परंतु या फणीत अडकलेली वस्तू पुढे थुंकणे मांजराला फार कठीण जाते. ती आतच सरकते. दोरा, सुतळी, जर, तार या वस्तू म्हणूनच घातक. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडे त्याला पुढे ढकलू पाहते, आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापड गोळा व्हावे तसे आतडेच दोऱ्यावर गोळा होते. अशा वेळी बाहेरचे टोक ओढले तर दोरा आतून आतडे कापतो. त्या पिलाच्या बाबतीत बहुधा हेच झाले. तेव्हा तोंडातून वा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, तोडूही नये. जनावर उचलून थेट डॉक्टरांकडे न्यावे. ज्या घरी बिदरी नाही पण शिवणयंत्र आहे (आपल्या भागात असे घर कोणते नाही?) त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. सुई ओवलेला दोरा तर सर्वांत वाईट.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मांजर खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असते. समोर ठेवलेले विष ते क्वचितच खाईल. परंतु अंगावर जे जे लागेल ते ते ते चाटते. माणूस हात धुतो, मांजर हात चाटते, एवढा हा फरक आहे. यास्तव मांजर असलेल्या घरात 'ते काय खाईल?' यापेक्षा 'ते कशावर चालेल, कशावर बसेल, कशाला अंग घासेल?' हा प्रश्न विचारावा लागतो.

त्यात त्याचे यकृतही आपल्यासारखे नाही. काही परकी द्रव्ये बांधून शरीराबाहेर टाकणारे एक विकर माणसाच्या यकृतात तयार होते. मांजराच्या कुळात ते तयार करणारे जनुक निकामी झालेले आहे. म्हणून आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. फिनेल टाकून पुसलेली ओली फरशीही त्याला बाधते, कारण पायाला लागलेले फिनेल शेवटी पोटात जाते. फरशी वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवणे एवढाच त्यावर उपाय.

आता कारखान्यात येऊ. बिदरीची कीर्ती वाचकांना मी काय सांगावी! बहमनी काळापासूनची ही कला. २००६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये आपल्याच गावच्या शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. मात्र प्रदर्शनातील काळीभोर सुरई पाहणाऱ्याला तिच्यामागची खोली दिसत नाही. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे वितळवून मातीच्या साच्यात ओततात. कानशीने आणि पॉलिश कागदाने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. मोरचुदाचे पाणी लावून तो तात्पुरता काळा करतात, म्हणजे त्यावर नक्षी कोरताना रेघ स्पष्ट दिसते. छिन्नीने कोरलेल्या खाचेत चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवतात. पुन्हा घासतात. शेवटी वस्तू किंचित तापवून किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप देतात. जस्ताचा भाग कायमचा काळा होतो, चांदी तशीच चमकत राहते. मग तेलाचा हात.

हे सर्व मांजराच्या उंचीवरून पाहावे. जमिनीवर कानशीचा चुरा पडला आहे. पाटावर मोरचुदाची निळी वाटी उघडी आहे. कोपऱ्यात मऊ मातीचा ढीग आहे, भट्टीजवळ छान ऊब आहे, तेलाच्या चिंध्यांचा वास येतो आहे आणि तारेचे एक टोक वाऱ्याने हलते आहे. मांजरासाठी याहून मोठी जत्रा कोणती!

यांपैकी जस्ताची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. जठरातील आम्लात जस्त विरघळते आणि रक्तात गेले की तांबड्या पेशी फोडते. अमेरिकेतील एक सेंटचे नाणे १९८२ पासून ९७.५ टक्के जस्ताचे झाले, आणि तेव्हापासून ती नाणी गिळलेली कुत्री हिरड्या पांढऱ्या-पिवळ्या पडून दवाखान्यात येऊ लागली. पंजाला लागलेल्या चिमूटभर चुऱ्याने लगेच तसे होईल असे मी म्हणत नाही. पण रोज तीच चिमूट चाटली जाणे बरे नव्हे, आणि ओतकामात उडालेला वाटाण्याएवढा थेंब गिळला गेला तर तो पोटात बसून राहतो. चाचांच्या घरी आता दिवसाचे काम संपल्यावर झाडू मारण्याआधी ओल्या फडक्याने जमीन टिपतात. कोरडा झाडू मारला तर चुरा उडून पुन्हा सगळीकडे बसतो. यात माझ्या खातेवहीचाही फायदा झाला. टिपलेल्या चुऱ्यातून चांदीचे कण वेगळे निघतात, आणि 'घट' या सदराखालचा आकडा कमी झाला आहे.

मोरचूद पोटात गेल्यास आतडी जाळते व उलट्या करवते. शिवाय ते तांबेच असल्यामुळे यकृतालाही घातक. त्यावर झाकणाची बरणी आणि खिळ्याला टांगलेले कुलपाचे कपाट एवढे पुरे. नवसागराचेही तेच. कपाट घेण्याआधी बरण्या उंच फळीवर असत, पण फळी ही मांजराची बैठक आहे हे चांदीने दुसऱ्याच दिवशी सिद्ध केले. मांजराच्या बाबतीत 'उंच' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे. 'बंद' म्हणजेच सुरक्षित.

मातीचा प्रश्न सर्वांत नाजूक. किल्ल्यातील जुन्या, ऊनपाऊस न लागलेल्या जागेची ती माती बिदरीचा प्राण आहे. उस्ताद लोक ती जिभेवर ठेवून पारखतात. आणि मांजराला विधीसाठी नेमकी मऊ, कोरडी, उकरता येणारी माती लागते. यापुढचे वाचकांनी समजून घ्यावे. चाचांचा संताप मी पाहिला आहे, तो येथे लिहिण्याजोगा नाही. साच्याच्या मातीचे तर आणखी गंभीर आहे. ओलसर झालेल्या साच्यात चारशे अंशांहून अधिक तापलेला रस ओतला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. तेव्हा मांजराच्या विधीने माणसाचा डोळा जाऊ शकतो. मांजराच्या मूत्रातही अमोनिया असतो, तर नवसागराची बचत होईल, असे एका कारागिराने गमतीने सुचवले; हिशेबनीस या नात्याने मी ती सूचना फेटाळली. उपाय साधा निघाला. दोन्ही मातींवर लाकडी झाकणे आणि परसात, वाऱ्याच्या आडोशाला, एका रुंद घमेल्यात चाळलेली बारीक वाळू. ती रोज साफ केली पाहिजे. घाण घमेल्यात मांजर जात नाही. ते पुन्हा झाकणाची फट शोधते.

ओतकाम असेल त्या दिवशी मात्र युक्त्या चालत नाहीत. भट्टी पेटण्यापूर्वी चांदीला आमच्या घरी आणतात आणि मूस थंड होईपर्यंत ती आमच्याकडे राहते. पूर्वी चाचा तिला ओरडून हाकलत. एकदा शिकवले की ऐकेल अशी त्यांची कल्पना. चाची म्हणाल्या, "ये बिल्ली है जी, कारीगर नै." मला ते पटते. मांजराला रागावून काही होत नाही, जागाच बदलावी लागते.

पण आमच्या घरी आणले म्हणजे संकट टळले असे नाही, कारण आमच्या अंगणात आईच्या कुंड्या आहेत. मांजर मांसाहारी असूनही पाने चावते. रानातल्या पूर्वजांना पोटातील जंत बाहेर टाकण्यास ही सवय उपयोगी पडत असावी, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. थोडक्यात, ती खोड नव्हे, स्वभाव आहे.

तुळस, जास्वंद, गुलाब, मोगरा यांचे भय नाही. मनीप्लांट, डिफेनबेकिया आणि आळू यांत सुईसारखे स्फटिक असतात. आळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो ती त्याच खाजेसाठी. मांजराने ती पाने चावली तर तोंड भाजल्यासारखे होऊन लाळ गळते, परंतु जीव सहसा जात नाही. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात. आपल्याला औषधी म्हणून मांजरालाही औषधी, हा समज सोडावा. सदाफुलीपासून कर्करोगावरची विन्क्रिस्टीनसारखी औषधे काढतात, यावरून तिची ताकद ओळखावी. कण्हेर, म्हणजे कन्नडमधील कणगिले, तांबडी असो वा पिवळी, थेट हृदयावर घाव घालते. कळलावी, धोत्रा, रुई हीही त्याच पंक्तीतली. आईने कण्हेर अंगणातून काढून रस्त्याच्या कुंपणाला लावली आणि सदाफुली टांगत्या कुंडीत नेली.

परंतु मांजराचा खरा वैरी आपल्या कुंडीत क्वचितच असतो. तो पुष्पगुच्छातून घरात येतो. लग्नात आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांना देतात त्या गुच्छांतील मोठी, सुवासिक, तपकिरी परागांची लिली माणसाला निरुपद्रवी असते. मांजराला मात्र तिचे पान, पाकळी, अंगावर सांडलेले पराग, एवढेच नव्हे तर फुलदाणीतील पाणीसुद्धा मूत्रपिंडे बंद पाडण्यास पुरेसे होते. फसगत अशी की पहिल्या काही तासांत उलट्या होतात, नंतर त्या थांबतात आणि मांजर सुधारल्यासारखे वाटते. पुढे एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. पहिल्या काही तासांतच शिरेतून सलाईन सुरू झाले तर ते बहुधा वाचते, उशीर झाला तर औषध नाही. नावाला मात्र भुलू नये. कर्दळीला इंग्रजीत लिली म्हणतात, पण ती निर्धोक आहे.

पाने चावण्याची हौस भागवायला मांजराला स्वतःची कुंडी द्यावी आणि तिच्यात गहू पेरावा. आळंदच्या आमच्या मामांकडे ज्वारीच ज्वारी. त्यांनी पहिल्यांदा ज्वारीचे बी देऊ केले आणि मग स्वतःच हात मागे घेतला. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत विष असते, त्याने बैलसुद्धा आडवा होतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गव्हाचे तृण आठवड्यात वितीएवढे होते. चांदी ते खाते आणि कधीकधी नेमके आमच्या चटईवर ओकते, तेवढे सोसावे.

एवढे करूनही प्रसंग ओढवलाच तर काय करावे? मांजर दुखणे लपवते. ते कपाटाखाली जाऊन बसले, जेवले नाही, लाळ गाळू लागले, पुन्हा पुन्हा ओकले, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा लघवी गडद झाली, तर 'उद्या पाहू' म्हणू नये. अंगाला रॉकेल, तेल किंवा मोरचूद लागले असेल तर चाटू न देता साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे आणि टॉवेलात गुंडाळावे. मिठाचे पाणी पाजून ओकायला लावणे, तूप किंवा दूध ओतणे, हे आपल्याकडचे उपाय माणसांवरही शंकास्पद आहेत. मांजराच्या तर ते श्वासनलिकेत जातात. पशुवैद्यक विद्यापीठ आपल्या बीदरमध्येच, नंदीनगरला आहे, आणि तालुक्याच्या गावांतून सरकारी पशुदवाखाने आहेत. जाताना चावलेल्या झाडाची फांदी किंवा सांडलेल्या द्रव्याची बरणी सोबत न्यावी आणि किती वाजता घडले ते कागदावर लिहून न्यावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. चाचांच्या कारखान्यात हे नंबर आणि मोरचूद, नवसागर, जस्त ही नावे मराठी, कन्नड व उर्दू तिन्ही लिप्यांत लिहून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत, कारण घाईच्या वेळी घरात कोण असेल आणि त्याला कोणते अक्षर वाचता येत असेल, हे आधी सांगता येत नाही.