भाव, भाडे आणि वार्ता

बेळगावच्या ठोक बाजारात भाजीचा भाव एक असतो. तीच भाजी घाट उतरून म्हापशास वा मडगावास आली की भाव दुसराच होतो. मधला पैसा गेला कोठे, असे गोव्यातील गृहिणी नेहमीच विचारते आणि ‘दलालाच्या खिशात’ हे उत्तर तयारच असते. ते सोयीचे असले तरी पुरेसे नाही. भावातील कोणती तफावत रास्त व कोणती गैरवाजवी, हे ठरविण्याची कसोटी गणिताने घालून दिली आहे आणि ती सामान्य वाचकास समजण्याइतकी सरळ आहे.

दूरदूरच्या बाजारांचा परस्परसंबंध फ्रेंच विद्वान कूर्नो याने १८३८ साली गणिती भाषेत मांडला. १९५१ साली स्टीफन एन्के याने त्याला विजेच्या मंडलाची उपमा दिली. भाव म्हणजे विजेचा दाब आणि माल म्हणजे प्रवाह. पुढल्याच वर्षी पॉल सॅम्युएल्सन यांनी या प्रश्नास नेटके रूप दिले, तर १९७१ साली ताकायामा व जज यांनी आपल्या ग्रंथात त्याचा प्रदेश आणि काळ अशा दोन्ही अंगांनी विस्तार केला.

या साऱ्याचे सार असे. समजा, एका गावी एखादी वस्तू २० रुपये किलो आहे, दुसऱ्या गावी ३० रुपये आहे आणि ने-आण, नासधूस व व्यापाऱ्याची मेहनत धरून खर्च ६ रुपये येतो. उरलेल्या ४ रुपयांच्या आशेने माल दुसऱ्या गावाकडे वळेल. पहिल्या गावी भाव चढेल, दुसऱ्या गावी उतरेल आणि तफावत ६ रुपयांवर येऊन ठरेल. खर्च १२ रुपये असता, तर माल जागचा हललाच नसता. मात्र खर्च ६ रुपये असूनही तफावत दिवसेंदिवस १० रुपयेच राहिली, तर वाटेत काहीतरी अडले आहे असे खुशाल समजावे. तो अडथळा रस्त्याचा असेल, परवान्याचा असेल, मक्तेदारीचा असेल किंवा निव्वळ अज्ञानाचा.

अज्ञानाची किंमत किती असते, हे आपल्याच सागरकिनाऱ्याच्या दक्षिण टोकाने दाखवून दिले आहे. उत्तर केरळातील तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १४ जानेवारी १९९७ रोजी वडकरा येथे ११ मच्छीमारांना गिऱ्हाईक नव्हते. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आत २७ खरेदीदार मासळीविना परतण्याच्या बेतात होते. पुढे त्या किनाऱ्यावर मोबाईल फोन आला. होडीतूनच भाव विचारून कोणत्या बंदरास लागायचे, ते मच्छीमार ठरवू लागले. गावागावांतील भावांची तफावत झपाट्याने घटली आणि मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाचा भाव ४ टक्क्यांनी उतरला. विकणारा व घेणारा या दोघांचेही हित एकाच वेळी साधावे, असे योग व्यवहारात विरळाच.

अर्थात गणितालाही मर्यादा आहेत. ते मागणी पैशात मोजते, भुकेत नव्हे. ज्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याला शेजारच्या बंदरातील चढा भाव कळूनही तिकडे होडी वळविता येत नाही. अशा ठिकाणी फोनपेक्षा रास्त व्याजाच्या कर्जाची गरज अधिक.

आमच्या मते गोवा सरकारने यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीने मिळणारी भाजी गृहिणीला दिलासा देते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सवलतीने अडथळा दूर होत नाही. त्याचा बोजा फक्त सरकारी तिजोरीवर जातो. बेळगाव, म्हापसा, मडगाव व फोंडा येथील ठोक आणि किरकोळ भाव, त्यांच्या जोडीला घाटमार्गाचे चालू भाडे, ही माहिती रोज सकाळी एकत्र जाहीर करावी. तफावत भाड्याइतकी असेल तर व्यापाऱ्यास विनाकारण चोर ठरवू नये. ती सातत्याने अधिक राहिली, तर चौकशी कोठे करावयाची हे आकडेच सांगतील. संशयावर धोरण आखण्यापेक्षा हिशेबावर आखलेले बरे. त्यात शेतकऱ्याचे, व्यापाऱ्याचे आणि ग्राहकाचेही कल्याण आहे.