विश्लेषण : केळीचा विमा, ‘रोहयो’ आणि अनुशेष... खान्देशच्या तीन प्रश्नांशी जोडलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर कोण होते?

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हवामान आधारित विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे त्याच्या बागेवरून नव्हे, तर महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. साक्री-शिरपूरचा मजूर ‘रोहयो’त काम मागतो, ते हक्क म्हणून. आणि विकास मंडळे स्थापन झाली तेव्हा खान्देशच्या वाट्याला स्वतंत्र मंडळ आले नाही. या तिन्ही विषयांच्या मुळाशी गेल्यावर एक नाव भेटते, प्रा. वि. म. दांडेकर.

कोण होते दांडेकर?
जन्म ६ जुलै १९२०, सातारा. मूळचे संख्याशास्त्राचे अभ्यासक. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते १९६६ ते १९८० या काळात संचालक होते. ३० जुलै १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

गरिबी कशी मोजली?
१९७१ मध्ये दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील गरिबीवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च लागतो, यावरून त्यांनी दारिद्र्यरेषा आखली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये, तर शहरात साडेबावीस रुपये होती. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के लोक या रेषेखाली होते. सर्वांना पुरेल इतकी जमीन वाटता येणार नाही, म्हणून सार्वजनिक कामांवर रोजगाराची हमी द्या, हा त्यांचा उपाय होता.

राज्याच्या रोजगार हमी योजनेचे श्रेय वि. स. पागे यांचे. १९७२ च्या दुष्काळात तिला वेग आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला.

विमा मंडळनिहाय का?
१९७२ मध्ये गुजरातेत ‘एच-४’ कापसाचा विमा शेतकरीनिहाय सुरू झाला. पुढे तो इतर राज्यांतही गेला. हप्त्यापोटी ४.५४ लाख रुपये जमा झाले, भरपाई मात्र ३७.८८ लाख द्यावी लागली. प्रत्येक शेताचे नुकसान मोजणे परवडणारे नाही, त्यामुळे परिसर हेच एकक धरा, असे दांडेकरांनी सुचवले. १९७९ पासून त्यावर प्रायोगिक योजना आली. आजची मंडळनिहाय पद्धत त्याच वाटेवरची. तिची मर्यादाही तीच : बाग आडवी झाली, पण मंडळाच्या नोंदी निकषात बसल्या नाहीत, तर शेतकरी कोरडाच राहतो.

अनुशेषात खान्देश कुठे?
दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीशी तुलना करून अनुशेष काढला. एकूण ३,१८६ कोटी. त्यात विदर्भाचे १,२४६, मराठवाड्याचे ७५० आणि उर्वरित महाराष्ट्राचे १,१८९ कोटी. मोजणीचे एकक जिल्हा होते. १९९४ मध्ये विकास मंडळे मात्र घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार प्रदेशनिहाय आली आणि जळगाव-धुळे हे पुणे-कोल्हापूरच्या पंक्तीत ‘उर्वरित’ ठरले.

तेव्हा नंदुरबारही धुळे जिल्ह्यातच होते. म्हणजे अक्कलकुवा-धडगावचे दारिद्र्य आधी जिल्ह्याच्या सरासरीत आणि मग प्रदेशाच्या बेरजेत मिसळले.

आज याचे महत्त्व काय?
मोजल्याशिवाय हक्क मागता येत नाही, हे दांडेकरांनी दाखवले. खान्देशचा अनुभव त्यात एक भर घालतो : किती मोजले याइतकेच, मोजताना एकक कोणते धरले हेही विचारायला हवे. शेत की मंडळ, तालुका की जिल्हा, यावरच निधी कुणाच्या दारी पोहोचतो ते ठरते.