खैराट ते उरुग्वे : हिरव्या लॅपटॉपची शाळा

रायगड जिल्ह्यातला खैराट धनगरवाडा. पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत, पटावर वीस-बावीस मुलं आणि शिकवायला एकटे गुरुजी. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये या मुलांच्या हाती पांढरे-हिरवे, दप्तरात मावतील एवढे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग या शाळेत सुरू झाला.

मोहिमेचे प्रणेते होते एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपाँटे. २००५ मध्ये त्यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. प्रत्यक्षात किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली, तरी त्या काळी एवढ्या पैशांत असं यंत्र मिळत नव्हतं. भर उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कळफलक, आदळआपटीत बिघडणारी हार्ड डिस्क मुळातच नाही. सशाच्या कानांसारखे दोन अँटेना उभे केले की इंटरनेट नसतानाही जवळचे लॅपटॉप एकमेकांशी जोडले जात.

यामागची शिक्षणदृष्टी शिक्षणतज्ज्ञ सेमूर पेपर्ट यांची होती : मूल काहीतरी घडवताना शिकतं. लॅपटॉपमधल्या एका खेळात पडद्यावरच्या कासवाला सूचना देऊन आकृत्या काढायच्या असतात. चौकोन सोपा, पुढे चाल, ९० अंशांत वळ, असं चारदा. समभुज त्रिकोण काढताना मूल हमखास ६० अंश सांगतं आणि कासव भलतीकडेच जातं. वळायचं असतं १२० अंशांत. कोन आतून मोजायचा की बाहेरून, हे मग ते मूल स्वतःच शोधू लागतं.

भारत सरकारला मात्र ही कल्पना पटली नव्हती. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच नकार कळवला होता. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज आधी भागायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

या आक्षेपात किती तथ्य होतं, ते पेरूमध्ये दिसलं. तिथे सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. तर्कशक्तीच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं आणि रोजच्या धड्याशी या यंत्राची सांगड कशी घालायची, याची शिक्षकांना पुरेशी तयारी करून दिलेली नव्हती.

उरुग्वेने २००७ मध्ये कार्दाल या छोट्या गावापासून ‘प्लान सेइबाल’ सुरू केला आणि दोनेक वर्षांत देशातल्या प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलाला लॅपटॉप दिला. शाळाशाळांत इंटरनेट पोहोचवलं. पण मोडलेले पडदे, बसलेल्या बॅटऱ्या यांमुळे बरेच लॅपटॉप पडून राहू लागले, तेव्हा दुरुस्तीची यंत्रणाही उभारावी लागली. तरीही तिथल्या अभ्यासांत केवळ लॅपटॉप मिळाल्यामुळे गणित किंवा वाचनाचे गुण वाढल्याचं आढळलं नाही.

उरुग्वेने योजना गुंडाळली नाही. शाळांत इंग्रजीचे शिक्षक पुरेसे नव्हते; म्हणून २०१२ पासून ब्रिटिश कौन्सिलच्या साथीने दूरचा शिक्षक व्हिडिओवरून वर्गात येऊ लागला. आठवड्यातला एक तास त्याचा. उरलेले तास वर्गावरच्याच बाई घेतात. त्यांना स्वतःला इंग्रजी फारसं येत नसलं तरी चालतं. पडद्यावरचा तास चालू असताना त्याही वर्गातच असतात आणि मुलांबरोबर शिकत जातात.