मायएसक्यूएल सुरू होत नाही? आधी ३३०६ बघा

पारनेर-संगमनेरच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी एक्सेलमध्ये आवरेनाशा झाल्या की आपण मायएसक्यूएलकडे वळतो. विंडोजवर इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत जातं आणि सर्व्हिस सुरू होताना अडतं. मग बहुतेक जण सगळं काढून पुन्हा टाकतात. पुन्हा तेच!

कारण बऱ्याचदा साधं असतं. पदवीला असताना टाकलेलं झॅम्प मशीनवर तसंच असतं. त्यातला मारियाडीबीसुद्धा ३३०६ हाच पोर्ट वापरतो, आणि एका पोर्टवर एकच सर्व्हर बसतो.

रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्क टॅबमध्ये ‘लिसनिंग पोर्ट्स’ बघा. ३३०६ अडलेला दिसला तर झॅम्प थांबवा, नाहीतर नव्या सर्व्हरला ३३०७ द्या. मग आर किंवा पायथनच्या कनेक्शनमध्येही ३३०७ लिहायचं, हे विसरू नका. पोर्ट मोकळा असेल तर मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमधली एरर लॉगची फाइल वाचा. खरं कारण बहुधा तिथंच असतं.

वैतागून डेटा फोल्डर मात्र डिलीट करू नका. झॅम्पमध्ये जुन्या नोंदी असतील तर आधी बॅकअप घ्या. सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं. मागच्या मे महिन्यातली विहिरीची पातळी पुन्हा मोजता येत नाही.