नव्या मोटारीचे पहिले पंधराशे किलोमीटर

चाकणच्या ज्या कारखान्याचे उद्घाटन मार्च 2009 मध्ये झाले, त्या कारखान्यातून फोक्सवॅगनची एखादी नवी व्हर्टस जीटी बाहेर पडते तेव्हा तिची जुळणी पुरी झालेली असते, तपासनिसांची खातरजमा होऊन दप्तरी नोंद पडलेली असते, रंगावर डाग नसतो आणि काचेवर ओरखडा नसतो. आणि तरीही तिच्या इंजिनात, ब्रेकांत व टायरांत असे काही पृष्ठभाग राहिलेले असतात की ज्यांचे अखेरचे संस्करण कोणत्याही यंत्रशाळेत होऊ शकत नाही, ते मालकाच्या हातून, प्रत्यक्ष रस्त्यावर आणि प्रत्यक्ष भाराखालीच व्हावे लागते. उत्पादकाची मार्गदर्शक पुस्तिका ही गोष्ट दोन-चार ओळींत उरकते: पहिले 1000 किलोमीटर इंजिनाचे फेरे कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशापलीकडे नेऊ नयेत, आणि तेथून 1500 किलोमीटरपर्यंत ते क्रमाक्रमाने वाढवीत न्यावेत. या ओळी फारशा वाचल्या जात नाहीत, आणि जे वाचतात ते त्यांचा हुकमासारखा स्वीकार करतात. त्या हुकमाचे कारण विचारण्याचा शिरस्ता आपल्याकडे नाही. वस्तुतः ते कारण पदार्थविज्ञानातील एका अतिशय सुंदर प्रकरणाशी निगडित आहे, आणि ते एकदा ध्यानी आले म्हणजे हुकूम पाळण्याची रीतही बदलते.

प्रथम खरेदीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. या मोटारीचे चार सिलिंडरांचे, 1498 घनसेंटिमीटरांचे टर्बो इंजिन 150 अश्वशक्ती देते, आणि 250 न्यूटन-मीटर इतका पूर्ण पीळ ते 1600 ते 3500 फेऱ्यांच्या पट्ट्यात देत राहते. गिअरपेटी दोन प्रकारची मिळते: हाताने टाकावयाच्या सहा गिअरांची, किंवा दोन कोरड्या क्लचांची, सात गिअरांची, आपोआप चालणारी. ही दुसरी गिअरपेटी अत्यंत चपळ आहे, पण 250 न्यूटन-मीटर हीच तिच्या सामर्थ्याची नेमकी सीमा आहे. शिवाय कोरडे क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळे कोंडीत इंच-इंच सरकताना जी उष्णता निर्माण होते तिचा निचरा सावकाश होतो. म्हणून ज्याला रोज हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून कचेरी गाठावयाची आहे त्याने पुढच्या गाडीच्या मागे सरपटत न राहता मध्ये पुरेशी जागा पडू द्यावी आणि मग एकदम सुटे व्हावे. आणि ज्याला मोटार चालविण्याच्याच आनंदासाठी हवी आहे त्याने, माझ्या मते, हाताचाच गिअर घ्यावा. ताबा घेण्याआधी, म्हणजे परिवहन कार्यालयात नोंदणी होण्याच्या आधीच, चासी क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा, निर्मितीचा महिना विचारून घ्यावा, आणि प्रत्येक टायरच्या कडेवरील चार अंकी खूण वाचावी. तिचे पहिले दोन अंक आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. नोंदणी झाली की वाहन कायद्याने आपले होते, आणि मग ते बदलून मागण्याचा मार्ग फार अरुंद होतो.

आता मूळ विषयाकडे वळू. सिलिंडरच्या आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी अशी आपली सहज समजूत असते. ती तशी नसते आणि नसावीही. बोअर कापून झाल्यावर तिच्यावर होनिंगचे दगड फिरवून परस्परांना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी मुद्दाम कोरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या रेषांची खोली अशा काही मायक्रॉनांचीच असते, पण त्यांच्यात तेल धरून राहते आणि पिस्टनच्या कड्या त्या तेलावरून सरकतात. याच कड्यांचा बाह्य पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच दिसतो. दोन धातू एकमेकांवर ठेवले असता ते सर्वांगाने भिडतात हा केवळ भास आहे, प्रत्यक्षात त्यांच्या उंचवट्यांची टोकेच तेवढी परस्परांना स्पर्श करतात आणि खरे स्पर्शक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राचा अत्यंत अल्प अंश असते, हे केंब्रिजच्या फिलिप बोडन आणि डेव्हिड टेबर या शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवून दिले, आणि 1950 साली घन पदार्थांच्या घर्षणावरील आपल्या ग्रंथात त्याची साद्यंत मांडणी केली. सगळा भार त्या थोड्या टोकांवर आला म्हणजे टोके दबतात, मोडतात, सपाट होतात, स्पर्शक्षेत्र वाढते, भार अधिक जागेवर वाटला जातो, आणि झीज, जी आरंभी वेगाने होत होती, ती आपोआप मंदावते. गॅरेजातले मिस्त्री ज्याला इंजिन ‘फ्री’ झाले म्हणतात ते हेच. ही झीज म्हणजे हानी नव्हे. ती नियंत्रित असेल तर तीच घडण आहे.

तथापि इंजिनातले सगळेच भाग अशा रीतीने झिजत नाहीत, आणि याचा शोध कसा लागला ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे मला जमणार नाही. लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासासाठी एक समिती नेमली होती, आणि तिच्या वतीने बीचम टॉवर हा अभियंता 1883 च्या सुमारास आगगाडीच्या आसासारख्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. आस खाली तेलात बुडालेला, आणि वरून भाराने दाबलेले पितळी बेअरिंग, अशी त्याची रचना होती. त्या बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी म्हणून त्याने एक भोक पाडले. पण आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, लाकडी खुंटी ठोकली, आणि दोन्ही बाहेर फेकली गेली. शेवटी त्याने तेथे दाबमापक बसविला, तेव्हा भाराच्या हिशेबाने जेथे चौरस इंचावर सरासरी 100 पौंड दाब असावयास हवा होता तेथे मापकाचा काटा 200 च्याही पुढे गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारख्या निमुळत्या फटीत ओढून नेत होता, आणि तेथे उत्पन्न होणाऱ्या दाबाच्या बळावर सबंध भार उचलून धरीत होता. धातूचा धातूला स्पर्शच होत नव्हता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने 1886 मध्ये या घटनेचे गणित सिद्ध केले, आणि आजही क्रँकशाफ्टचे प्रत्येक बेअरिंग त्याच गणितावर रचले जाते.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. तेलाची ही पाचर गतीवर अवलंबून आहे. गती असेल तर पापुद्रा आहे, गती थांबली की तो विरतो. क्रँकशाफ्ट अखंड फिरत असतो, म्हणून इंजिन सुरू झाल्यानंतर त्याच्या बेअरिंगांना फारशी चिंता नसते. पिस्टनची गोष्ट निराळी. तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा, वरच्या आणि खालच्या टोकाला, क्षणभर पूर्ण थांबतो. म्हणजे मिनिटाला 4000 फेरे होत असताना तो 8000 वेळा थांबतो, आणि त्या प्रत्येक थांब्याला कडी आणि भिंत यांच्यामधला पापुद्रा कमालीचा पातळ होतो. त्यातही वरच्या टोकाशी ज्वलनाचा कहर असतो. सिलिंडरची सर्वाधिक झीज वरच्या कडीच्या थांब्यापाशी आढळते ती याच कारणामुळे, आणि नव्या इंजिनाचे रुळणे म्हणजे मुख्यतः या कड्यांचे आपापल्या भिंतीशी जुळणे होय.

येथे एक बारकावा आहे आणि सारे मर्म त्यातच साठवलेले आहे. कडी भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. ज्वलनाचे वायू पिस्टनच्या खाचेतून कडीच्या पाठीमागे शिरतात आणि तिला बाहेर लोटतात. टर्बो इंजिनात पूर्ण भाराखाली हा दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीच्या घरात जातो. म्हणजे भार नसेल तर कडीला भिंतीशी जुळवून घेण्याइतका जोर मिळत नाही. जे मालक अतिप्रेमाने नव्या मोटारीला महिनोन्‌महिने केवळ गोंजारीत चालवितात, त्यांच्या इंजिनाच्या भिंतीवर तेलाचे जळके, काचेसारखे लुकण चढू शकते; होनिंगच्या रेषा बुजतात, कड्या अर्धवट जुळलेल्या राहतात, वायू खाली गळतात आणि तेल वर चढते. उलटपक्षी शोरूमच्या दारापासूनच जे पूर्ण दाबून सुटतात त्यांच्या बाबतीत टोके सावकाश सपाट होण्याऐवजी स्थानिक उष्णतेने परस्परांना चिकटून उपटली जातात, आणि भिंतीवर कायमचे ओरखडे उमटतात. आजचे होनिंग आणि आजची तेले पूर्वीपेक्षा पुष्कळच सरस असल्यामुळे दोन्ही धोके कमी झाले आहेत. नाहीसे मात्र झालेले नाहीत.

म्हणून माझा स्पष्ट अभिप्राय असा की नव्या इंजिनाला सौम्यता हवी तशीच विविधताही हवी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर वेग-नियंत्रक लावून एकाच वेगाने तासन्‌तास जाणे पुष्कळांना निरुपद्रवी वाटते, पण या विशिष्ट इंजिनाच्या बाबतीत ते निरुपयोगी असण्याचे एक खास कारण आहे. भार हलका असताना इंधन वाचावे म्हणून हे इंजिन आपल्या चारपैकी दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांतील ज्वलन थांबविते. आणि ज्या सिलिंडरांत ज्वलनच नाही त्यांच्या कड्यांना वायूचा तो जोर मिळणार कोठून? हे अनुमान माझे आहे, पण ते यंत्ररचनेतून सरळ निघते. दुसरे टोकही तितकेच टाळावयाचे: सहाव्या गिअरमध्ये 1400–1500 फेऱ्यांवर रेंगाळत असताना एकदम ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबणे. सिलिंडरात थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत अशा वेळी तेलाचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊन भयंकर दाब उत्पन्न करतो. या अकाली ज्वलनापासून संरक्षण देणारी तेलाची निराळी प्रत 2018 मध्ये मुक्रर करावी लागली, यावरूनच त्याचे गांभीर्य कळावे.

मग करावे काय? पुण्याच्या वाचकाला मी म्हणेन की पहिल्या काही रविवारी सकाळी वाईचा रस्ता धरावा. कात्रजपासून खंबाटकीपर्यंत चढ, उतार आणि सपाटी आलटून पालटून येतात. आणि वाईहून पसरणीचा घाट चढू लागले की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, 2500 ते 3500 फेऱ्यांच्या दरम्यान, पाऊण ॲक्सिलरेटर न ओलांडता, मध्यम भार आणि विसावा यांची अशी काही आवर्तने मिळतात की कड्यांना याहून चांगली शाळा नाही. पाचगणीहून उतरताना गिअरमध्येच राहून इंजिनाचा रोध वापरावा. त्या वेळी सिलिंडरात निर्वात निर्माण होऊन थोडे तेल कड्यांपर्यंत वर ओढले जाते आणि झिजून सुटलेले कण धुऊन निघतात. मात्र हे सारे तेल तापल्यानंतरच करावे, आणि तेल पाण्याच्या मागून तापते. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल सिद्ध झाले असे नव्हे, त्यानंतरही काही किलोमीटर हळू जावे. पूर्ण पीळ 3500 फेऱ्यांच्या आतच मिळत असल्यामुळे दोन-तृतीयांशाची मर्यादा पाळणाऱ्याला या मोटारीच्या गुणांपासून फारसे वंचितही राहावे लागत नाही.

टायर आणि ब्रेक यांचे रुळणे लवकर आटोपते, पण तेवढ्या काळात जपणे अधिक निकडीचे आहे, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश नव्या रबरावर राहतो आणि पकड अपुरी असते. सुमारे 500 किलोमीटरपर्यंत, विशेषतः पहिल्या पावसात, वळणांवर संयम ठेवावा. ब्रेकच्या पॅडमधील द्रव्याचा पातळ थर ओतीव लोखंडाच्या डिस्कवर समप्रमाणात बसला म्हणजेच ब्रेक पुऱ्या जोराने लागतो, आणि यास दोन-तीनशे किलोमीटर लागतात. मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे पाहून साठाच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवावा, मग डिस्क निवू द्यावी, आणि असे अनेकदा करावे. तापलेला ब्रेक दाबून उभे मात्र राहू नये, कारण मग तो थर एकाच जागी ठशासारखा बसतो आणि पुढे ब्रेक लावताना पायाखाली थरथर जाणवते.

पहिले तेल पाचशे किलोमीटरवरच बदलावे, अशी जुन्या लोकांची वहिवाट होती, आणि ज्या काळी ओतकामाची वाळू व धातूचा कीस इंजिनात राहून जात असे त्या काळी ती योग्यही होती. आज एकच नियम सर्वांना लावता येत नाही. बीएमडब्ल्यू आपल्या एम श्रेणीच्या मोटारींचे इंजिनाचे आणि डिफरन्शियलचे तेल 2000 किलोमीटरवर बदलावयास लावते. होंडाची पुस्तिका याउलट मुदतीपूर्वी तेल बदलू नका असे बजावते. सबब ज्याच्या हाती जी मोटार, त्याने तिचीच पुस्तिका प्रमाण मानावी.

कड्या पुरत्या जुळेपर्यंत तेलाचा खप किंचित अधिक असतो, आणि पहिल्या 5000 किलोमीटरांत तसे होणे स्वाभाविक आहे. तेव्हा वाचकांना विनंती अशी की या अवधीत दर हजार किलोमीटरला मोटार सपाट जागी उभी करून, गरम इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, डिपस्टिक काढून पातळी पाहावी, आणि ती खालच्या खुणेकडे झुकलेली दिसल्यास पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचेच तेल, वरच्या खुणेपलीकडे न नेता, घालावे.